साथ हळू करताना: 'टेम्पो' बदलायचा की 'स्पीड'?

ऑडिशनच्या तयारीत साथीचा ट्रॅक आधी हळू करून घ्यावा लागतो. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इफेक्ट' मेनूच्या 'पिच अँड टेम्पो'खाली त्यासाठी दोन नावं दिसतात: 'चेंज टेम्पो' आणि 'चेंज स्पीड अँड पिच'. दोन्हींत टक्क्यांचा रकाना आहे आणि दोन्हींनी ट्रॅक लांबतो. त्यामुळे चूक होते, आणि एकटं बसून रियाज करणाऱ्याच्या ती लवकर लक्षातही येत नाही.

'स्पीड' म्हणजे टेप हळू फिरवणं. लय उतरते तशी पट्टीही उतरते. उणे 20 टक्के केलं की सगळं जवळजवळ चार अर्धस्वर खाली जातं. जिथे सा होता तिथे मंद्रातला कोमल धैवत येतो. गाणाऱ्याचा गळा नकळत त्या पट्टीत बसतो आणि मूळ लयीवर आल्यावर तारसप्तकातली जागा गळ्याला लागत नाही. वाद्य वाजवणाऱ्याच्या वाद्याशी तर साथीची पट्टी जुळतच नाही.

'टेम्पो' मात्र पट्टी धरून ठेवतो. तो आवाजाचे बारीक तुकडे करून एकमेकांवर चढवतो. लांबवलेल्या सुरांना त्याने फारसं काही होत नाही, पण तबल्याचा 'ना' फुटल्यासारखा, कधी दोनदा वाजल्यासारखा येतो. जितकं ताणाल तितकं हे वाढतं. 'हाय क्वालिटी स्ट्रेचिंग'वर टिक केलीत तर वेळ जास्त लागतो, पण सूर स्वच्छ राहतात. सरावासाठी 'टेम्पो'चाच पर्याय घ्या.

इथे टक्क्यांचा हिशोब नीट समजून घ्यायला हवा. मिनिटाला 96 ठोक्यांवरून 72 वर यायला उणे 25 टक्के लागतात. तोच ट्रॅक परत 96 वर न्यायला 25 टाकलेत तर तो 90 वरच थांबेल, 33.3 टाकावे लागतात. शिवाय ताणलेल्यालाच पुन्हा ताणलं की आवाज आणखी खराब होतो. म्हणून मूळ ट्रॅक निवडून कंट्रोल-डीने नक्कल काढा, मूळ म्यूट करून तसाच ठेवा आणि 72, 80, 88 अशी प्रत्येक पायरी त्या मूळ ट्रॅकच्याच नव्या नकलेवर करा.

मग 'स्पीड' कशासाठी? साथीची पट्टी किंचित चुकत असेल तेव्हा. ट्रॅकचा 'ए' हा सूर 440 हर्ट्झला आणि तुमच्या वाद्याचा 442 ला मिळवलेला असेल, तर अधिक 0.455 टक्के पुरतात. चार मिनिटांचा ट्रॅक सुमारे एका सेकंदाने आखूड होतो, लयीतला फरक कानाला कळत नाही, आणि तुकडे जोडलेले नसल्याने ठोके जसेच्या तसे राहतात.

आयता हळू केलेला ट्रॅक हाती आला तर गायला बसण्याआधी मूळ आणि नक्कल, दोन्हींतला पहिला लांब सूर ट्यूनरवर धरून पाहा. सूर तोच दिसला तर 'टेम्पो' बदललेला आहे. खाली गेला असेल तर ती नक्कल बाजूला ठेवा.