अप्रेंटिस लागला म्हणजे नोकरी लागली नव्हे

प्रवेशाचे दिवस आले की आयटीआयच्या फाटकावर फ्लेक्स लागतो: ‘१०० टक्के प्लेसमेंट’.

निकालाचे टक्के सगळ्यांना कळतात, ते झटपट उरकू. फिटरच्या २० जागांपैकी समजा १८ भरल्या, परीक्षेला १५ बसले, १४ पास झाले, तर फ्लेक्सवर ९३ टक्के झळकतात. मधेच गळालेली तीन पोरं कुठल्याच टक्क्यात नाहीत. तसंच मुलींचं. ३० टक्के जागा राखीव असल्या, तरी वेल्डिंगच्या शेडमध्ये तितक्या मुली दिसतील असं नाही. शिवणकामाच्या ट्रेडकडे त्यांना घरूनच वळवलेलं असतं.

खरी गफलत त्या ‘प्लेसमेंट’ शब्दात आहे. त्यात नोकरी आणि अप्रेंटिसशिप एकाच पोत्यात भरलेली असते. पोरगं निळा गणवेश घालून कंपनीच्या बसमध्ये चढलं की घरी पेढे वाटतात. पण १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा, कलम १८, स्वच्छ सांगतो: अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. म्हणून त्याला मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. पीएफ कापला जात नाही. मुदत संपली की करार संपला. पुढे कामावर घ्यायचं की नाही, हे कंपनीच्या धोरणावर असतं. घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. (अपघात झाला तर भरपाई मात्र मिळते, ती सोडू नका.)

ओळखायचं कसं? पोराच्या हातातला कागद बघा. वर ‘अप्रेंटिसशिप करार’ लिहिलंय की ‘नेमणूकपत्र’? फ्लेक्सवाल्यांना एकच विचारा, गेल्या बॅचमधले किती जण मुदत संपल्यावरही कामावर आहेत? बहुतेक ठिकाणी तेवढ्यात साहेबांचा फोन वाजतो.

याचा अर्थ अप्रेंटिसशिप वाईट असा मुळीच नाही. ठेकेदार महिन्याला दोन हजार जास्त देतो म्हणून ती अर्ध्यात सोडणारी पोरं पाहिली की माझा जीव तुटतो. आयटीआयचं प्रमाणपत्र वेगळं आणि अप्रेंटिसशिप पुरी करून परीक्षा दिल्यावर मिळणारं वेगळं. रेल्वेच्याच कारखान्यात अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल १ (सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. ठेकेदाराच्या हजेरीकार्डावर तिथे कुणी उभं करत नाही.