रायफलीच्या नळीची झीज आणि दारू

रायफलीची नळी सर्वांत आधी झिजते ती घशाशी, म्हणजे काडतुसाची कोठडी संपून आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा) सुरू होतात तेथे. नेम बिघडू लागतो तो येथूनच. झिजेचे प्रमाण बऱ्याच अंशी काडतुसातील दारू ठरवते.

काळी दारू (सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० भाग) तुलनेने थंड जळते. तिचा खरा उपद्रव मागे उरणाऱ्या क्षारांचा. ते ओल धरतात आणि पोलाद गंजते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरहीन दारू सिद्ध केली, आणि गंजापेक्षा उष्णतेचा प्रश्न मोठा झाला. कॉर्डाइट या ब्रिटिशांच्या धूरहीन दारूच्या पहिल्या मिश्रणात नायट्रोग्लिसरीन ५८, गनकॉटन (नायट्रोसेल्युलोज) ३७ आणि पेट्रोलियम जेली ५ टक्के होती. काळ्या दारूसाठी आखलेले ली-मेटफर्ड रायफलीचे उथळ, गोलसर आटे कॉर्डाइटपुढे टिकले नाहीत. १८९५ च्या सुमारास एनफिल्ड पद्धतीचे खोल, चौकोनी आटे आले. पुढे, साधारणपणे बोअर युद्धाच्या काळात, नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर उतरवले गेले.

झिजेच्या कारणाविषयी एकमत नाही. एक मत उष्णतेला दोष देते. दारूची ज्वाला २,००० अंश सेल्सियसच्या बरीच वर जाते, तर पोलाद १,५०० च्या आसपास वितळते. संपर्क काही मिलीसेकंदांचाच असल्याने पृष्ठभागाचा पातळ थर तेवढा तापतो आणि लगेच निवतो. काही काळाने घशाचा भाग उन्हाळ्यात तडकलेल्या शेतासारखा भेगाळलेला दिसतो. दुसऱ्या मतानुसार वायूंतील कार्बन मोनॉक्साइड पोलादात कार्बन मुरवतो, त्यामुळे थर ठिसूळ होतो आणि कमी तापमानाला वितळतो. आरडीएक्सयुक्त काही दारू ज्वालेच्या तापमानावरून वाटते त्याहून जास्त झीज करतात, ते याच मताला बळ देणारे. तरी उष्णता वाढवणारे नायट्रोग्लिसरीन घटवताच कॉर्डाइटची झीज उतरली, हे पाहता उष्णता मुख्य आणि रसायन तिचे साहाय्यक, हे मत अधिक ग्राह्य वाटते. म्हणूनच केवळ नायट्रोसेल्युलोजची दारू नळीला सहसा सौम्य ठरते. मात्र नळीच्या लहान छिद्रामागे दारूचा भार मोठा असेल, किंवा नळी निवू न देता गोळ्या झाडल्या, तर तिचाही लाभ उरत नाही.

मुंबईत माझगावचा दारूखाना जुन्या दारूसाठ्याची आठवण देतो. वरळीच्या नेमबाजी केंद्रावर चालणाऱ्या .२२ रायफलीत दारू इतकी थोडी असते की घशाची झीज फार सावकाश होते. तेथे जपायचे ते समुद्राच्या दमट हवेपासून. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतील (दारू पेटवणाऱ्या भागातील) पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड मागे ठेवते. पावसाळ्यात एका रात्रीत त्याचा गंज चढू शकतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, म्हणून नळी आधी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल लावावे.