डिमॅट खातं उघडताय? आधी तिन्ही कागदांवरचं नाव ताडून बघा

राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, आपल्याला थेट शेअर घेता येत नाहीत. 1994 पासून तिथली खरेदी-विक्री संगणकाच्या पडद्यावर चालते आणि आपली ऑर्डर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी झालेल्या ब्रोकरमार्फतच जाते. त्यासाठी दोन खाती लागतात: व्यवहारासाठी ट्रेडिंग आणि शेअर ठेवायला डिमॅट. अर्ज बहुतेक एकच असतो.

पॅन असलेल्या कोणालाही अर्ज करता येतो. मुलांच्या नावाचं खातं पालकाच्या सहीने उघडतं. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं बँक खातं जोडावं लागतं.

कागद फार नाहीत. पॅन, आधार, नाव छापलेला कॅन्सल चेक, फोटो, कोऱ्या कागदावर सही. फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, करायचे असतील तर उत्पन्नाचा पुरावाही.

खरी अडचण नावाची. माझ्या मावशीचा अर्ज दोनदा परत आला. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि पासबुकात आडनाव आधी! शेवटी विवाह नोंदणीचा दाखला जोडून पॅनवरचं नाव बदललं, मग बँकेतलं, तेव्हा कुठे खातं उघडलं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे काम आधीच उरकावं. नॉमिनीचं नावही त्याच वेळी भरा, पुढे घरच्यांची धावपळ वाचते.

अर्जात डीडीपीआय नावाचं एक पान असतं. त्यावर सही केली की विकलेले शेअर तुमच्या खात्यातून काढून द्यायचा अधिकार ब्रोकरला मिळतो. ही सही ऐच्छिक आहे. न केल्यास विक्रीच्या वेळी पिन आणि ओटीपी टाकावा लागतो, इतकंच. नवख्या माणसाने तो त्रास घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

गुंतवणूक थोडी असेल तर बेसिक डिमॅट खातं, म्हणजे बीएसडीए, मागा. तुमच्या नावावर एकच डिमॅट खातं असेल आणि त्यातल्या शेअरची एकूण किंमत 4 लाखांपर्यंत असेल, तर वार्षिक शुल्क लागत नाही.

बाजार सकाळी 9:15 ते दुपारी 3:30. आज घेतलेले शेअर कामकाजाच्या पुढच्या दिवशी डिमॅटमध्ये जमा होतात. ते ब्रोकरकडे नसतात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे, तुमच्या नावावर असतात. म्हणून नुसत्या ब्रोकरच्या ॲपवर विसंबू नका. डिपॉझिटरीकडून ईमेलवर स्टेटमेंट येतं, त्यातला आकडा ॲपशी जुळवा. जुळला नाही तर आधी ब्रोकरला लेखी कळवा, दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर तक्रार नोंदवा.