टीडीएस मीटरला शिसं दिसत नाही

नागपुरात बोअरचं पाणी तपासायचं म्हटलं की आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर बाहेर निघतो. आकडा 300 च्या खाली आला म्हणजे पाण्यात शिसं, आर्सेनिक नाही, हा समज साफ चुकीचा आहे. मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, मीटरचा सगळ्यात लहान टप्पाच 1 मिलिग्रॅमचा, म्हणजे शंभरपट मोठा!

शिसं मोजायला प्रयोगशाळेतली, अगदी कमी धातूही पकडणारी यंत्रं लागतात: ग्राफाइट फर्नेसचं (विजेच्या भट्टीचं) एएएस किंवा आयसीपी-एमएस. साध्या ज्योतीच्या एएएसला इतकं कमी शिसं नीट पकडता येत नाही, म्हणून पद्धत आधी विचारा.

खरा घोळ होतो तो बाटलीत. प्लॅस्टिकची बाटली 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून, शुद्ध पाण्याने खंगाळलेली हवी. प्रयोगशाळेतूनच तयार आणा. नमुन्यात लिटरमागे साधारण 2 मिली तीव्र नायट्रिक आम्ल घालून पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) 2 च्या खाली नेतात. आम्ल घालायचं राहून गेलं तर शिसं बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतं आणि अहवाल फसवा, ‘स्वच्छ’ येतो. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटलीही त्याच आम्लासह द्या. तिच्यातही शिसं निघालं, तर दोष बोअरचा धरू नका. आधी बाटली आणि आम्ल तपासा.