वर्षावनातील हिमनदी आणि थंडीचा गैरसमज

न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या वर्षावनाला भिडतात, म्हणजे तिथे कायम कडाक्याची थंडी असणार, हा समज चुकीचा आहे. खालच्या दरीत हवा सौम्य असते आणि वृक्षनेचे (झाडासारखे उंच फर्न) दाट वाढतात. टास्मान समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सदर्न आल्प्स या पर्वतरांगेला अडून माथ्यावर प्रचंड हिमवर्षाव करतात (सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊसही अशाच अडवणुकीचा). त्या हिमाचा दाबून झालेला बर्फ तीव्र उताराच्या अरुंद दरीतून इतक्या वेगाने सरकतो की पूर्ण वितळण्याआधीच सखल भागात पोहोचतो. दरीतून चालत बर्फावर जाता येते, ही माहितीही जुनी झाली: हिमनदी मागे हटल्यामुळे फ्रान्झ जोसेफवरील मार्गदर्शित सहलींना २०१२ पासून हेलिकॉप्टरच लागते.