बीटलचे इंजिन पुढे आणणे

मोटारीच्या मागच्या भागातले, हवेने थंड होणारे इंजिन काढून टाकायचे, पुढे दुसरे इंजिन बसवायचे आणि चालना मात्र मागच्या चाकांनाच ठेवायची, असा हा फेरबदल आहे. शेवरले कोर्व्हेअर किंवा फियाट ५०० यांसारख्या गाड्यांवरही तो करता येतो, पण त्याचे ठळक उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन बीटल. १९३८ ते २००३ या काळात या गाडीचे दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक नग तयार झाले; शेवटचा नग मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडला. शिवाय बीटलची बॉडी कडेचे बोल्ट सोडले की तळापासून अख्खी उचलता येते. टरफल धड आणि खालचे सगळे थकलेले, अशी गाडी हाती लागली की कोणाच्या तरी डोक्यात आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन शिरतेच.

‘इंजिन पुढे घेतले’ असे बोलायची पद्धत असली, तरी बीटलचे स्वतःचे इंजिन पुढे जात नाही. ते विकले जाते किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहते. पुढे येते ते भलतेच, बहुतेक वेळा पाण्याने थंड होणारे. आणि या सगळ्या कामात इंजिन बसवणे हा तुलनेने सोपा भाग असतो. जीव निघतो तो चासीपाशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापाशी.

मूळ रचना

फर्डिनांड पोर्श यांच्या आराखड्यात बीटलचे चार सिलिंडरांचे आडवे इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकते. त्याच्या पुढे गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे डिफरेन्शिअल एकाच डब्यात असतात. १२०० सीसीच्या इंजिनाची ताकद ३४ अश्वशक्ती, पुढच्या काळातल्या १६०० ची ५०. वजन शंभर-सव्वाशे किलो. चार बोल्ट, केबली आणि पेट्रोलची नळी सोडवली की सराईत मेकॅनिक तासाभरात ते जॅकवर खाली घेतो. मागची बाजू रिकामी करणे इतके सहज जमते, म्हणूनच पुढची बाजूही तशीच जमेल असा समज होतो.

बीटलचा तळ म्हणजे मधोमध पत्र्याचा एक बंद बोगदा आणि त्याच्या दोन्ही अंगांना तळपत्रे. बोगदा हाच गाडीचा कणा. त्याच्या पोटातून गिअरची दांडी, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर आणि हँडब्रेकच्या केबली आणि पेट्रोलची नळी जाते. मागे या बोगद्याला दुबेळके फुटते आणि त्या दुबेळक्यात गिअरबॉक्स बसतो.

आता बोनेट उघडून पाहावे. समोर डिकी दिसते, पण ती म्हणावी तशी रिकामी नाही. सुमारे ४० लिटरची पेट्रोलची टाकी, तिच्यापुढे स्टेपनी. त्याखाली गाडीच्या रुंदीभर आडव्या दोन नळ्या. त्यांत टॉर्शन बारची, म्हणजे पिळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारी, पाती भरलेली असतात आणि पुढची चाके त्यांच्यावरच तोललेली असतात. वरच्या नळीला स्टिअरिंग बॉक्स पट्ट्याने आवळलेला. मीटरची मागची बाजू डिकीकडून नुसत्या पुठ्ठ्याने झाकलेली, कारण त्या बाजूला आग किंवा उकळते पाणी असेल असे कोणाला वाटलेच नव्हते. इंजिन पुढे आणायचे तर हे सगळे हलवावे लागते : टाकी मागे, स्टिअरिंग नवे, पुठ्ठ्याच्या जागी जाड पत्र्याची भिंत.

१९७० पासून आलेल्या १३०२ आणि १३०३ या ‘सुपर बीटल’मध्ये आडव्या नळ्या जाऊन मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि धक्के शोषणारा भाग एकत्र असलेले उभे खांब) आले. त्यांत पुढे जागा मोकळी मिळते, त्यामुळे असे काम करणाऱ्याला ही गाडी सोयीची. जुन्या गाडीत एक तर नळ्या कापून वेगळे सस्पेन्शन घालावे लागते, नाहीतर इंजिन नळ्यांच्या मागे सरकवावे लागते. इंजिन मागे सरकले की ते केबिनमध्ये घुसते, चालकाचे आसन मागे जाते आणि मागचे बाक संपते. चारजणांची गाडी दोघांची होते, ती अशी.

कण्याचा प्रश्न

पुढचे इंजिन आणि मागचे अ‍ॅक्सल यांना जोडायला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद मागे नेणारा लांब फिरता दांडा, हवा आणि त्याला वाट हवी. वाट एकच, मधला बोगदा. तो अरुंद आहे. शाफ्ट कसाबसा मावेलही, पण इंजिनामागचा गिअरबॉक्स मावत नाही. बोगद्याचे वरचे पत्रे कापून मोठे केले की कणाच मोडतो. तळपत्रांत एकट्याने भार पेलायची ताकद नसते, आणि जुन्या बीटलच्या कडेच्या पोकळ पट्ट्या, ज्यांतून हीटरची गरम हवा जाते, त्या तर गंजण्यासाठीच प्रसिद्ध. नुसता बोगदा कापून बनवलेली गाडी खड्ड्यात गेल्यावर दार उघडेनासे होते तेव्हा कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

म्हणून विचार करून केलेल्या बहुतेक कामांत मूळ तळ बाजूला ठेवतात. चौकोनी किंवा गोल नळ्यांची नवी चासी वेल्डिंग करून तिच्यावर बॉडी बसवतात, किंवा दुसऱ्या एखाद्या पुढच्या इंजिनाच्या गाडीचा तळ कापून-जोडून मापात आणतात. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २४०० मिमी आहे. अमेरिकेतील फोर्ड पिंटो आणि शेवरले शेवेट या पुढचे इंजिन व मागची चालना असलेल्या गाड्यांचे अंतर त्याच्या अगदी जवळ, २३९० मिमीच्या आसपास. सत्तर-ऐंशीच्या दशकांत किट कारच्या (सुट्या भागांच्या संचातून जोडायच्या गाड्यांच्या) धंद्यात या गाड्यांचे भाग बीटलच्या तळाला पर्याय म्हणून वापरले गेले, त्यामागे हे माप मोठे कारण होते.

मागे बीटलचा गिअरबॉक्स गेला की सबंध अ‍ॅक्सल बदलते. सरळ, अखंड अ‍ॅक्सल घालायचे तर ते लेथवर आखूड करून घ्यावे लागते, कारण बीटलच्या मागच्या चाकांची रुंदी साधारण १३५० मिमीच असते आणि त्याहून रुंद अ‍ॅक्सल मडगार्डांबाहेर डोकावते. चाकांच्या बोल्टांचीही गंमत आहे. १९६७ पर्यंत पाच बोल्ट २०५ मिमीच्या वर्तुळावर, त्यानंतर चार बोल्ट १३० मिमीच्या. अमेरिकन अ‍ॅक्सलवर यातले काहीच बसत नाही, म्हणून रिमही नवीन.

क्राउन व्हील उलटे बसले तर

काही जण मूळ गिअरबॉक्स मागेच ठेवून पुढच्या इंजिनातून शाफ्टने ताकद आणायचा विचार करतात. कागदावर हे फार देखणे दिसते. अडचण अशी की बीटलच्या गिअरबॉक्सचे इंजिनाकडचे तोंड मागे असते. पुढून येणारा शाफ्ट जोडायचा तर डबा अर्ध्या वळणाने फिरवावा लागतो. तसा फिरवला आणि दुसरे काही केले नाही, तर गाडीला चार रिव्हर्स गिअर आणि एक पुढचा गिअर मिळतो. पिनियन हे छोटे दातेरी चाक ज्या बाजूने क्राउन व्हील या मोठ्या दातेरी चाकाला भिडते त्यावर चाके कोणत्या दिशेला फिरणार हे ठरते. त्यामुळे डबा उघडून क्राउन व्हील पिनियनच्या दुसऱ्या अंगाला बसवावे लागते आणि दात किती खोल भिडतात ते पुन्हा मापून घ्यावे लागते.

हेच कोडे उलट्या वाटेनेही समोर येते. १९६७ पर्यंतच्या फोक्सवॅगन बसच्या चाकांपाशी ताकद वाढवण्यासाठी गिअरांची आणखी एक जोडी असे. ती जोडी फिरण्याची दिशा उलटवते, म्हणून बसच्या डब्यात क्राउन व्हील कारखान्यातूनच दुसऱ्या बाजूला बसवलेले असते. तो डबा, चाकांपाशची जोडी काढून, जसाच्या तसा बीटलला लावणाऱ्याला पहिला गिअर टाकल्यावर मागची भिंत जवळ येताना दिसते.

पाणी, हवा आणि काच

एअर-कूल्ड गाडीला रेडिएटर नसतो, त्यामुळे तोंडाला जाळीही नसते. पाण्याचे इंजिन आले की बीटलच्या गोल नाकात हवेसाठी भोक पाडणे आले. बंपरच्या खालच्या पत्र्यात फट काढणे हा बेताचा उपाय; बोनेट कापून जाळी लावणे हा उघड. काच साफ करण्याचे काम मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. साठच्या दशकापासूनच्या बीटलमध्ये काचेवर पाण्याचा फवारा मारायला मोटर नव्हती. पाण्याच्या बाटलीतून एक नळी थेट स्टेपनीला जोडलेली असे आणि स्टेपनीतल्या हवेच्या दाबाने पाणी उडे. स्टेपनी डिकीतून गेली की फवाराही गेला. तेव्हा दुसऱ्या गाडीची छोटी विजेची मोटर शोधा.

थंड प्रदेशात या फेरबदलाचा एक फायदा निर्विवाद आहे. मूळ बीटलचा हीटर सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळ्यांभोवतीची गरम हवा केबिनमध्ये सोडतो. तो धीमा, आणि नळी फुटकी असेल तर धुराचा वास येणारा. पाण्याच्या इंजिनाबरोबर साधा, भरवशाचा हीटर आपोआप मिळतो.

चालवताना काय बदलते

जुन्या बीटलला पुढच्या चाकांत १६ पौंड आणि मागच्यांत २४ पौंड हवा भरायला सांगत. एवढी कमी हवा पुढे चालते, कारण पुढे वजनच नसते. स्टिअरिंग हलके, ब्रेक लावताना पुढची चाके पटकन घसरण्याकडे झुकलेली, आणि वळणात पाय उचलला तर मागचे ओझे गाडीची शेपटी बाहेर ओढते. ज्याचे दोन भाग वेगवेगळे वर-खाली हलतात अशा जुन्या स्विंग अ‍ॅक्सलमध्ये वळणाच्या बाहेरचे चाक पोटाखाली वळायचा धोका वर. दुसऱ्या बाजूला, चिखलात, वाळूत आणि बर्फात तेच ओझे मागच्या चाकांना जमिनीत दाबते, आणि बीटल चढाला लागते तिथे पुढच्या इंजिनाच्या गाड्या चाके फिरवत उभ्या राहतात.

इंजिन पुढे आले की हा हिशेब उलटतो. ओतीव लोखंडाच्या छोट्या शेवरले व्ही-८ चे वजन अडीचशे किलोंच्या वर भरते, म्हणजे मूळ इंजिनाच्या दुपटीहून जास्त, आणि तेही सातशे-आठशे किलोंच्या गाडीत. पुढचे स्प्रिंग, ब्रेक, स्टिअरिंग सगळे नवे लागते. इंजिन बरेच मागे सरकवून वजन जवळपास निम्मे-निम्मे वाटता आले, तर गाडी मूळच्यापेक्षा सरळ आणि शांत चालते. तसे न केल्यास नाक जड, शेपटी हलकी आणि तीनशे अश्वशक्ती मागच्या दोन चाकांत, अशी गाडी होते. सरळ रेषेत टायरचा धूर काढायला ती उत्तम. रोज कामावर न्यायला तिच्यासारखी कटकट नाही.

याच कारणाने जास्त ताकद हवी असणारे पुष्कळजण इंजिन मागेच ठेवतात आणि तिथे सुबारूचे आडवे इंजिन बसवतात. कोर्व्हेअरच्या बाबतीतही अमेरिकेत क्राउन नावाच्या कंपनीने विकलेला व्ही-८ चा संच इंजिन पुढे नेत नसे, तर मागच्या बाकाच्या जागी, अ‍ॅक्सलच्या पुढे बसवत असे. यांत्रिकदृष्ट्या तो अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. पण लांब बोनेट उघडून समोर इंजिन दाखवण्यात जी ऐट आहे ती त्यात नाही.

नुसते तोंड

ती ऐट इतकी लोभस की काहींनी इंजिन न हलवता फक्त तोंड बदलले. इटलीत व्हिन्याले या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने १९६७ मध्ये आणलेली गॅमिन ही छोटी उघडी गाडी फियाट ५०० वर आधारलेली होती. तिच्या पुढे उभी, चकचकीत जाळी होती आणि जाळीमागे इंजिन नव्हते; दोन सिलिंडरांचे इंजिन मागेच फटफटत असे. अमेरिकेत सत्तरच्या दशकात बीटलला रोल्स-रॉइससारखे किंवा १९४० च्या फोर्डसारखे नाक लावायचे फायबरचे संच मिळत. बीटलच्या तळावर बनवलेल्या एमजी टीडी या जुन्या ब्रिटिश गाडीच्या नकलांत तर पुढे रेडिएटरचे झाकणसुद्धा असे. गझेल ही जुन्या मर्सिडीझची नक्कल दोन्ही प्रकारांत मिळे : मागे फोक्सवॅगनचे इंजिन किंवा पुढे फोर्डचे. बाहेरून दोन्ही सारख्याच, आवाज ऐकल्यावर कळे.

कारखान्यातून

फोक्सवॅगनने स्वतः बीटलचे इंजिन पुढे आणले तेव्हा चालनाही पुढे नेली. १९७४ ची गोल्फ आणि पुढे १९९७ पासूनची न्यू बीटल या दोन्ही पुढच्या चाकांवर चालतात. पण या नोंदीत वर्णिलेल्या रचनेच्या सर्वांत जवळ येणारी गाडी त्याच घरातली आहे. पोर्श ९२४ ची सुरुवात फोक्सवॅगनसाठीचा प्रकल्प म्हणून झाली आणि १९७६ मध्ये ती बाजारात आली. पुढे पाण्याने थंड होणारे दोन लिटरचे इंजिन, मागे गिअरबॉक्स, दोन्हींना जोडणारी कडक नळी आणि तिच्यात फिरणारा बारीक शाफ्ट. गिअरबॉक्स ऑडीच्या पुढच्या चालनेच्या गाडीचा. त्याचे तोंड मुळातच पुढे असल्यामुळे क्राउन व्हीलची भानगड उरली नाही. मागचे टॉर्शन बार आणि आर्म बीटलच्या वंशातले. आणि चाकांतले अंतर नेमके २४०० मिमी.

कायदा

ब्रिटनमध्ये अनेक वर्षे अशा गाडीची ओळख गुणांवर ठरत असे : मूळ चासीला ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला फक्त १. जुना नंबर टिकवायला किमान ८ गुण आणि न कापलेली चासी लागे. नुसते इंजिन बदलणाऱ्याचे फारसे बिघडत नसे. ते पुढे नेणाऱ्याचे जवळपास सगळेच गुण जात.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा फेरबदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्यामुळे नळ्यांच्या नव्या चासीवरची, पुढच्या इंजिनाची बीटल आरटीओत घेऊन जाणे म्हणजे आरसी बुकातल्या गाडीऐवजी दुसरीच गाडी दाखवणे. इंजिन पुढे की मागे हा प्रश्न आपल्या रस्त्यांवर रोज दिसतो तो रिक्षेत, आणि तिथे प्रवास उलटा झाला. बजाजच्या जुन्या रिक्षांत इंजिन पुढे, चालकाच्या सीटखाली असे. नंतर ते मागे गेले. रिक्षेवरच्या ‘आरई’ या अक्षरांचा अर्थ ‘रिअर इंजिन’ हाच.