आठवणीच्या इंग्रजी शब्दांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले मराठी मूल घरात 'मला आठवते' म्हणते, बाजारात 'ननगे नेनपिदे' ऐकते आणि शाळेत 'आय रिमेम्बर' लिहायला शिकते. मराठी आणि कन्नड वाक्यांची घडण एकच आहे : आठवण ही येणारी किंवा असणारी गोष्ट आणि माणूस ती ज्याच्यापाशी येते तो, म्हणून दोन्हीकडे त्याला चतुर्थी लागते. इंग्रजीत मात्र तोच माणूस कर्ता होऊन बसतो. आठवण आपणहून आली की प्रयत्नाने आणली, हे मराठी 'मला आठवते' आणि 'मी आठवून पाहतो' अशा रचनांतून सांगते. इंग्रजीला त्यासाठी बहुधा वेगळे शब्द योजावे लागतात. हे ध्यानात न घेता रिमेम्बर, रिकॉल, रिकलेक्ट, रेमिनिस आणि कमेमोरेट हे पाचही शब्द एकट्या 'आठवणे'खाली पाठ केले जातात आणि पुढे निबंधात त्यांची सरमिसळ होते.

जुन्या इंग्रजीत या कामासाठी आजच्या 'माइंड'च्या कुळातले शब्द होते. स्कॉटलंडमध्ये 'आय माइंड' म्हणजे 'मला आठवते' असा वापर अजून ऐकू येतो. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचचा प्रभाव वाढला आणि चौदाव्या शतकात 'रिमेम्बर' रुळला. त्याच्या मुळाशी 'मेमोर', म्हणजे ध्यानात ठेवणारा, हा लॅटिन शब्द आहे. त्यामुळे रिमेम्बरमध्ये गतकाळाइतकेच राखून ठेवणेही आहे. 'दाराला कुलूप लावायला विसरू नकोस' हे इंग्रजीत रिमेम्बरने सांगता येते, रिकॉलने नाही. 'रिकॉल' सोळाव्या शतकातला असून त्याचा उघड अर्थ परत बोलावणे असा आहे. राजदूताला माघारी बोलावतात तशी आठवणही हाक मारून आणली जाते. 'रिकलेक्ट'मध्ये विखुरलेले पुन्हा गोळा करणे आहे. म्हातारे माणूस एक नाव सांगते, थांबते, मग गल्ली सांगते, मग त्या वर्षीचा पाऊस सांगते आणि असे तुकडे जुळवत मूळ प्रसंगापर्यंत पोचते, त्या क्रियेला हा शब्द नेमका बसतो.

साधी स्मृती आणि शोधून काढलेली स्मृती हा भेद इंग्रजीहून कितीतरी जुना आहे. स्मृतीवरील आपल्या छोट्या ग्रंथात ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की, स्मृती इतर प्राण्यांनाही असते, पण मागोवा घेत आठवणे माणसालाच जमते, कारण ते अनुमानासारखे आहे. लॅटिन परंपरेत या शोधाला 'रेमिनिसेन्शिया' हे नाव मिळाले. त्याच मुळाच्या इंग्रजी 'रेमिनिसेन्स'वरून एकोणिसाव्या शतकात 'रेमिनिस' हे क्रियापद पाडले गेले आणि अर्थ पार बदलला. कष्टाने शोधणे बाजूला राहिले आणि जुन्या दिवसांच्या गोष्टी सवडीने, आवडीने सांगत बसणे उरले. आपल्याकडे कट्ट्यावर जुन्या आठवणी निघतात, त्या याच जातीच्या.

'कमेमोरेट' या सर्वांपेक्षा निराळा आहे आणि सीमाभागात त्याचेच मोल जास्त आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उल्लेख करणे, ध्यानात आणून देणे एवढाच होता. सार्वजनिक विधीने स्मृती जागवणे हा अर्थ पुढे ठळक झाला. जानेवारी १९५६ मध्ये बेळगावात गोळीबारात बळी पडलेल्यांना दरवर्षी १७ जानेवारीला हुतात्मा चौकात अभिवादन केले जाते. त्या दिवशी तिथे असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे असणार, आणि तो हा प्रसंग 'रिकलेक्ट' करू शकतो. त्याचा नातू ते करू शकत नाही, कारण गोळा करायला त्याच्यापाशी स्वतःचे तुकडेच नाहीत. तो 'कमेमोरेट' करतो. रिमेम्बर मात्र दोघांनाही चालतो, कारण राखून ठेवण्यासाठी प्रत्यक्ष हजर असण्याची अट नाही. पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी ब्रिटनमध्ये १९१९ पासून ११ नोव्हेंबरला जे स्मरण होते, त्याला 'रिमेम्ब्रन्स' म्हणतात ते याच अर्थाने. 'आय रिमेम्बर द मार्टर्स' असे लिहिणाऱ्या मुलाचे वाक्य चूक ठरवून खोडू नये, असे मला मनापासून वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या तारखेला कन्नड भाषकांचा राज्योत्सव साजरा होतो आणि अनेक मराठी भाषक काळा दिवस पाळतात. 'साजरा करणे' आणि 'पाळणे' हा मराठी भेद इंग्रजीत 'सेलिब्रेट' आणि 'ऑब्झर्व्ह' यांनी बराचसा टिकतो, आणि वार्ताहराने तो टिकवायलाच हवा.

या प्रदेशाबद्दल इंग्रजीत लिहिताना 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द सहज वापरला जातो, तो मला पटत नाही. १६८८ मध्ये बासल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. परमुलखात झुरणाऱ्या स्विस लोकांच्या आजाराचे ते नाव होते आणि घरी पाठवणे हा त्यावरचा इलाज. विसाव्या शतकात ही ओढ जागेवरून काळाकडे वळली आणि आजार गोड हुरहूर बनला. चंदगडला दिलेल्या खानापूरच्या लेकीला माहेरची सय येते, तिथे जुना अर्थ चपखल लागतो. पण १९५६ मध्ये इथल्या माणसांनी घर सोडले नव्हते. उंबरा जागेवरच राहिला आणि राज्य बदलले. शिवाय त्यांचे म्हणणे गोड हुरहुरीचे नाही, महाराष्ट्रात सामील होण्याच्या चालू मागणीचे आहे. त्याच मागणीसाठी २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या मागणीचे जे कागद कचेरीत दिले जातात, त्यांना मराठीत 'निवेदन', म्हणजे सांगणे, म्हणतात. इंग्रजीत ते 'मेमोरँडम' ठरतात, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'ध्यानात ठेवलेच पाहिजे असे' हा आहे.